गवताची टोपली आणि झाडाचा कायदा

गौरी यायच्या आठवडाभर आधी कोकणातल्या कुठल्याही बाजारात गेलात, तर रस्त्याच्या कडेला नव्या सुपांच्या चळती दिसतात. ओवशाला, म्हणजे गौरीपुढे सुपांतून वाण ठेवायच्या रीतीला, सुपं लागतात, आणि घरात नव्या सुनेची पहिली गौर असेल तर जास्तच लागतात. तिथे दरवर्षी तेच बोलणं कानावर पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढं महाग?" आणि सुपं विकणाऱ्या बाई म्हणतात, "बांबूच मिळत नाही, ताई."

घरी येऊन वर्तमानपत्र उघडावं, तर त्यात बांबूच बांबू. लागवडीला अनुदान, औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर बांबू जाळायच्या योजना, आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल, बंगळुरूच्या विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं बांबूचं छत. देशात बांबू असलेलं क्षेत्र सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर आहे आणि बांबूच्या सव्वाशेहून जास्त जाती आपल्याकडे सापडतात. मग सूप विणणाऱ्या बाईंनाच तो का मिळू नये? अनेकांना वाटतं, त्या भाव वाढवायला तसं म्हणतात. तसं नाही. त्या अगदी खरं बोलतात. मात्र ते खरं का, हे कळायला आधी बांबू, मग टोपली आणि शेवटी कायदा, अशा क्रमाने जावं लागतं.

बांबू म्हणजे नक्की काय?

बांबू हे गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस आणि अंगणातली हरळी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे उंच गवत. उसाला जशी पेरं असतात आणि दोन पेरांच्या मध्ये कांडं असतं, तशीच बांबूलाही असतात. फरक एवढाच की बांबूचं कांडं बहुधा आतून पोकळ असतं.

आंब्याचं झाड दरवर्षी थोडं उंच होतं आणि थोडं जाड होतं. बांबू असा वाढत नाही. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. तो मनगटाएवढा आला, तर मरेपर्यंत मनगटाएवढाच राहतो. जुन्या रेडिओची एरियल ओढून लांब करतात, तसा तो काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो ना वाढतो ना जाड होतो, फक्त कडक होत जातो. पुरता पिकायला तीन ते चार वर्षं लागतात.

जमिनीखाली सगळे बांबू एकमेकांना जोडलेले असतात. आल्याचा गड्डा डोळ्यांपुढे आणा. त्याला जसे बाजूला डोळे फुटतात, तसे बांबूच्या जमिनीतल्या खोडाला दरवर्षी नवे कोंब फुटतात आणि त्यातून बेट तयार होतं. म्हणून बेटातला एक बांबू तोडला म्हणजे बेट मरत नाही. केळीचा लोंगर उतरवून खोड कापलं तरी शेजारची पिल्लं वाढतच असतात, तसंच हे आहे.

आपल्याकडे नावंही किती! वेळू हा जुना शब्द. विदर्भातल्या जंगलात मुख्यतः मानवेल आणि काटेरी काटस. कोकणात बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव माणगा, जो शेतकरी बांधावर लावतात. सह्याद्रीत चिवा. दुरून हे सगळे सारखे दिसतात, पण विणणाऱ्याच्या हाताला ते सारखे नसतात.

टोपलीला कोवळाच बांबू का लागतो?

ज्वारीच्या हिरव्या ताटाची साल नखाने उचलून ओढली, तर ती सरळ शेवटपर्यंत निघते. बांबूचंही असंच होतं. त्याच्या कांड्यात सगळे धागे उभे, एकमेकांना समांतर असतात. लाकडात या उभ्या धाग्यांना आडवं बांधून ठेवणारी रचना असते, बांबूच्या कांड्यात ती नसते. म्हणून कोयत्याचं टोक एकदा घुसलं की फट सरळ रेषेत धावते. फक्त पेराशी धागे एकमेकांत गुंततात आणि तिथे हात जपून चालवावा लागतो. लांब कांड्यांचा बांबू बुरुडाला, म्हणजे बांबू विणणाऱ्या कारागिराला, आवडतो तो यामुळेच. जितकी पेरं कमी, तितकी अडचण कमी.

बांबू उभा चिरला की आधी जाड कामट्या निघतात. मग एकेका कामटीचे, पुस्तकाची पानं सुटावीत तसे, पातळ थर काढतात. हिरव्या सालीकडच्या बाजूला धागे दाट असतात, पोकळीकडच्या बाजूला विरळ. सालीची पट्टी चिवट आणि गुळगुळीत असते, आतली मऊ आणि ठिसूळ. ज्या ठिकाणी ताण येणार तिथे, म्हणजे काठाला आणि बांधणीला, सालीची पट्टी वापरायची, आणि भरणीला आतली. कुठली पट्टी कुठे जाणार हे विणायच्या आधीच ठरलेलं असतं.

आता वयाचं बघू. पहिल्या पावसातला कोंब फारच पाणीदार असतो. त्याची पट्टी वाळली की आक्रसते आणि वीण सैल पडते. तीन-चार वर्षांचा पिकलेला बांबू घराच्या वाशाला उत्तम, पण त्याची पातळ पट्टी वळवली की तुटते. विणकामाला हवा असतो साधारण एक ते दोन वर्षांचा, आणि तोही ताजा. मध्य प्रदेशच्या जंगलात बांबूच्या वयाला तीन सुरेख नावं आहेत: पहिल्या वर्षाचा तो करला, दुसऱ्या वर्षाचा महिला आणि त्यापुढचा पकिया. सूप विणणाऱ्या बाईंना हवा असतो महिला. वनखात्याच्या डेपोत मिळतो तो बहुतेकदा पकिया, तोही कित्येक आठवडे उन्हात पडून वाळलेला.

वाळलेला बांबू पाण्यात भिजवता येतो आणि भिजवतातही. पण तो थोडाफार मऊ होतो इतकंच, ताज्यासारखा सरळ फाटत नाही. शिळी भाकरी पाण्याचा हात लावून गरम करता येते, पण तिची ताजी भाकरी होत नाही. "बांबू मिळत नाही" या तीन शब्दांचा पूर्ण अर्थ असा आहे: योग्य जातीचा, योग्य वयाचा, हिरवा बांबू, रोज लागेल तेवढा, परवडेल अशा भावात मिळत नाही.

टोपली विणण्यातलं गणित

इथे जरा थांबतो. बुरूडकामाला आपण "हाताचं काम" म्हणतो, आणि त्यात डोकं किती लागतं हे मात्र दिसत नाही.

साधी गोल टोपली घ्या. तळाशी पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून चांदणी करतात आणि तिची टोकं वर वळवतात. या झाल्या उभ्या काड्या. त्यांच्यामधून एक लांब पट्टी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी फिरवत न्यायची. आता मेख बघा. प्रत्येक पट्टीला दोन टोकं, म्हणून उभ्या काड्या नेहमी समच येणार. समजा त्या सोळा आहेत. पट्टी एक फेरी मारून आली, की ज्या काडीच्या पुढून पहिल्यांदा गेली होती तिच्या पुढूनच पुन्हा जाणार. दुसरी फेरी पहिलीवर तंतोतंत बसणार आणि वीण घट्ट होणारच नाही. काड्या सतरा असल्या, तर दुसऱ्या फेरीत पट्टी आपोआप उलट बाजूने जाते आणि वीण अडकते. म्हणून विणणारी बाई एका काडीचं टोक चिरून दोन करते, किंवा एक जादा काडी खोचते. सम-विषमाचा हा धडा तिला शाळेत कोणी शिकवलेला नसतो. शेजारी बसून बघत बघत तो हातात आलेला असतो.

कोंबड्या झाकायच्या डाल्याची वीण वेगळी असते. त्यात पट्ट्या तीन दिशांनी जातात आणि सहा कोनांची मोठी भोकं तयार होतात. पट्टी कमी लागते, वारा खेळतो, आणि तीन दिशांच्या पट्ट्या एकमेकींना अडवून धरत असल्याने डालं दाबलं तरी तिरकं होत नाही. नुसती सहा कोनांची भोकं विणत गेलं, तर चटईसारखा सपाट पत्रा तयार होतो. त्याला घुमटासारखा बाक द्यायचा, तर मध्येच एखादं भोक पाच कोनांचं करायचं. फुटबॉल हातात घेऊन बघा. पांढऱ्या षटकोनांमध्ये काळे पंचकोन असतात, आणि तो गोल होतो तो त्यांच्यामुळेच.

सूप तर मला या सगळ्यांत हुशार वाटतं. तीन बाजूंनी काठ, चौथी बाजू उघडी, मागून पुढे येणारा हलका उतार. धान्य वर उडवलं की जड दाणा मागच्या बाजूला परत पडतो आणि हलकं फोलपट पुढच्या उघड्या बाजूने निघून जातं. दोन पट्ट्यांच्या वरून, दोन पट्ट्यांच्या खालून अशा तिरप्या विणीने सूप लवचीक राहतं आणि पाखडताना हाताबरोबर झुलतं. पृष्ठभाग किंचित खडबडीत असल्याने घोळताना दाणे धरून राहतात आणि खडे वेगळे होतात.

याशिवाय रोवळी, दुरडी, परडी, हारा, करंडा, कणगी, तट्टे, इरलं. नवजात बाळाला सुपात ठेवायची रीत अनेक घरांत आहे. लग्नात ऐरणीदानाच्या वेळी दिवे लावलेली बांबूची झाल सासरच्यांच्या डोक्यावर धरतात आणि मुलगी त्यांच्या हवाली करतात. आणि शेवटच्या प्रवासाची तिरडीही बांबूचीच असते.

गवताला झाड कोणी केलं?

1927 साली ब्रिटिश सरकारने भारतीय वन कायदा केला. कायद्यात सुरुवातीला व्याख्या असतात, म्हणजे पुढे येणाऱ्या शब्दांचा अर्थ काय धरायचा ते. त्यात लिहिलं की "झाड" या शब्दात ताड-माड, बांबू, वेत, झाडाची खुंटं आणि झुडपं हे सगळं येईल. वनस्पतिशास्त्रात काय म्हणतात याच्याशी याचा संबंध नव्हता. जंगलातून बाहेर पडणाऱ्या मालावर ताबा ठेवायचा होता, आणि एक शब्द रुंद केला की ताबाही रुंद होतो.

याचा परिणाम साखळीसारखा झाला. बांबू झाड ठरला, म्हणून तोडलेला बांबू इमारती लाकूड ठरला. इमारती लाकूड एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचं, तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला गावाकडे सगळे "टीपी" म्हणतात. स्वतःच्या बांधावर, स्वतः लावलेला बांबू तोडून बाजारात नेतानाही शेतकऱ्यावर ही टांगती तलवार असे. काही राज्यांनी काही जातींना सूट दिली होती, पण राज्याची हद्द ओलांडली की नियम पुन्हा बदलत. ज्या पिकासाठी इतक्या सह्या लागतात, ते लावायला कोण धजावणार? बांबूने संपन्न असलेला आपला देश अगरबत्तीच्या काड्या चीन आणि व्हिएतनाममधून आणत होता, त्यामागे हेही एक कारण होतं.

नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. व्याख्येतून "बांबू" हा एक शब्द वगळला. बरोबर 90 वर्षांनी गवत कायद्यातही झाड राहिलं नाही. ताड-माड आणि वेत मात्र त्या व्याख्येत तसेच राहिले.

मेंढा-लेखा गावाचं काय झालं?

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली, आणि ती महाराष्ट्रात घडली.

2006 साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या लोकांचे जंगलावरचे हक्क त्याने मान्य केले. त्यात "गौण वनोपज" हा शब्द आहे. इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतीजन्य वस्तू, म्हणजे मध, मोहफुलं, डिंक, तेंदूपाने वगैरे, असा त्याचा अर्थ. या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एक कायदा म्हणत होता बांबू झाड, दुसरा म्हणत होता बांबू गौण वनोपज. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू होते.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावची. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने आपल्या हद्दीतला बांबू विकायचं ठरवलं, तेव्हा प्रश्न आला टीपीचा. वनखातं परवाना द्यायला तयार नव्हतं, कारण त्यांच्या लेखी बांबू इमारती लाकूड होता. हक्क कागदावर गावाचा, पण बांबू गावाबाहेर काढता येत नाही, असा तिढा बसला. घराची किल्ली तुमच्या हातात द्यायची आणि दारात पहारेकरी उभा करायचा, तसं हे होतं.

मार्च 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज धरावा असं कळवलं. 27 एप्रिल 2011 रोजी ते स्वतः मेंढ्याला आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. परवाना आता गाव स्वतः देणार होतं. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावसारख्या गावांनी याच वाटेने बांबूचा कारभार हाती घेतला. पाचगावने तर तेंदूपाने तोडणं आपण होऊन थांबवलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात आणि जंगलाला आगी लावतात. बांबूवर आपलं भागतं, असं त्यांनी ठरवलं.

गडचिरोलीच्या पलीकडे बस्तर, त्याच्या पलीकडे ओडिशाचं कोरापुट. गोंड, माडिया, गदबा, परजा अशा कितीतरी लोकांच्या घरात धान्य, मासे, कोंबड्या यांच्यासाठी बांबूच्या वस्तू असतात. ग्रामसभेच्या हातात परवान्याचं पुस्तक येणं म्हणजे काय, ते या सगळ्या पट्ट्यात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

कायदा बदलला, मग आता अडचण कुठे आहे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. 2017 ची दुरुस्ती नीट वाचली, तर उत्तर मिळतं. तिने मोकळा केला तो जंगलाबाहेरचा बांबू, म्हणजे शेतातला, बांधावरचा. जंगलातला बांबू आजही वनोपज आहे आणि त्यावर जुनेच नियम चालतात.

शेतात आता लागवड वाढते आहे, हे चांगलंच आहे. पण शेतकरी लावतो काय? ज्याला मोठं गिऱ्हाईक आहे ते. इंधनाला, इथेनॉलला, बांधकामाला जाड भिंतीचा, वजनदार, पिकलेला बांबू लागतो, म्हणून लागवडीत तशा जातींकडे ओढा असतो. कारखान्याला टनात मोजून माल हवा असतो. बुरुडाला आठवड्याला पाच-दहा हिरवे बांबू हवे असतात. ट्रकभर माल घेणारा दारात उभा असताना पाच बांबूंसाठी बेटात कोण शिरेल? कोकणातला माणगा असाच ट्रक भरून घाटावर जातो, मांडवांना आणि टोमॅटोच्या आधाराला.

जंगलातल्या बांबूचं म्हणाल, तर विदर्भात नोंदणी असलेल्या बुरूड कारागिरांना सवलतीच्या दराने बांबू द्यायची जुनी पद्धत आहे. त्यांची कायमची तक्रार एकच असते: बांबू उशिरा येतो, कमी येतो आणि वाळून येतो. यात कोणाची दुष्टबुद्धी असेलच असं नाही. वनखात्याचा तोडीचा आराखडा बेट जपण्यासाठी बनवलेला असतो. एका भागात तीन-चार वर्षांतून एकदा तोड, कोवळे बांबू राखायचे, पावसाळ्यात तोड बंद. बेटासाठी हे नियम योग्यच आहेत. पण विणकामाला लागणारा कोवळा, ताजा बांबू नेमका या चाळणीत अडकतो.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. वनहक्क कायद्याचा हक्क जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि तिथे तीन पिढ्या राहिलेल्या इतर वननिवासींना आहे. तालुक्याच्या गावी, शहराच्या एखाद्या आळीत पिढ्यान् पिढ्या टोपल्या विणणारा बुरूड त्यात कुठेच बसत नाही. पुण्याच्या बुरूड आळीतल्या कारागिराला जंगल आपलं म्हणता येत नाही आणि शेतही त्याच्याकडे नसतं. बांबूच्या सगळ्या धोरणांमध्ये बांबूवर सगळ्यात जुना हात ज्याचा, तोच फक्त गिऱ्हाईक म्हणून उरतो, आणि तेही सगळ्यात लहान गिऱ्हाईक. मला हे फार खटकतं.

तोडत राहिलं तर जंगल संपणार नाही का?

शंका रास्त आहे. पण बांबू अजिबात तोडला नाही, तर बेट गच्च होतं, जुने बांबू आतच वाळतात आणि नव्या कोंबांना वर यायला वाट राहत नाही. नुकसान होतं ते कसं तोडलं, यावरून.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात याचा अभ्यास केला होता. बांबू घटतोय, याचं खापर स्थानिक लोकांवर आणि त्यांच्या गुरांवर फोडलं जात होतं. लोकांनी त्यांना वेगळंच दाखवलं. बेट "साफ" करायचं म्हणून बुंध्याभोवतीचं काट्यांचं जाळं काढून टाकलं जात होतं. तेच जाळं नव्या कोंबांचं कुंपण असतं. कुंपण गेलं आणि गुरं, रानडुकरं, माकडं कोवळे कोंब खाऊ लागली. वर कागद गिरण्यांना बांबू नाममात्र दराने मिळत होता, तर टोपल्या विणणारे त्याच्या कित्येक पट किंमत मोजत होते. फुकटासारख्या मिळणाऱ्या मालाची काळजी कोण घेतो?

बेटाला खरोखर संपवणारी गोष्ट एकच, आणि ती निसर्गाची आहे: फुलोरा. बांबूच्या बऱ्याच जाती कित्येक दशकांतून एकदाच फुलतात, एका प्रदेशात एकदम फुलतात आणि बी धरून मरतात. "बांबू फुलला की दुष्काळ" असं आपल्याकडे म्हणतात, ती अंधश्रद्धा नाही. मिझोराममध्ये साधारण 48 वर्षांनी फुलणारी जात आहे. बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपलं की शेतांवर पडतात. 1959 च्या फुलोऱ्यानंतर तिथे असाच दुष्काळ पडला. त्या वेळी मदतीसाठी निघालेल्या संघटनेतून पुढे मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला, 1966 मध्ये उठाव झाला आणि शांतता करार व्हायला 1986 साल उजाडलं. टोपली विणणाऱ्याला फुलोरा म्हणजे अनेक वर्षं हातात माल नाही, कारण बियांतून उगवलेलं बेट वापरण्याजोगं व्हायला तेवढा काळ लागतो.

प्लास्टिकचं सूप मिळतं, मग हट्ट कशाला?

मिळतं, स्वस्तही असतं, आणि ज्याला परवडत नाही त्याने ते घेतलं तर त्याला नावं ठेवू नयेत. पण दोन्ही वापरून बघा. प्लास्टिकवर दाणे घसरतात, उन्हात ते ठिसूळ होतं आणि एकदा चिरलं की कचरा. बांबूचं सूप सैल झालं तर बांधून घेता येतं, भोक पडलं तर लिंपता येतं. पूर्वी कागदाचा लगदा आणि मेथी वाटून जुन्या सुपा-टोपल्यांना लेप द्यायचे आणि त्या पुन्हा वर्षानुवर्षं चालायच्या. भाजी, फळं, मासे यांना वारा लागतो, पाणी निथळतं. बांबूच्या टोपलीत माल श्वास घेतो, बंद प्लास्टिकमध्ये तो घामेजतो.

जातीने लादलेलं काम टिकवायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो टाळून बुरूडकामाबद्दल लिहू नये. बुरूड समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. या कामाबरोबर गरिबी आली आणि अपमानही आला. घरातला मुलगा शिकून दुसरं काही करत असेल, तर "कला मरते आहे" म्हणून हळहळण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण त्याच समाजाची दुसरी आठवणही आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी मेदार केतय्या हे शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या मेळाव्यातले शिवभक्त, होऊन गेले. ते बांबूचं काम करून जगत आणि त्यांनी वचनं लिहिली. बुरूड समाज आजही त्यांना मानतो. शरणांनी कष्टालाच पूजा म्हटलं होतं, आणि टोपली विणणारा माणूस त्या मेळाव्यात मानाने बसत होता. हे काम करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्याला ते सोडायचं आहे त्याला वाट मिळावी, ज्याला करायचं आहे त्याला हिरवा बांबू आणि वाजवी भाव मिळावा. मेळघाटात लवादा इथल्या केंद्रात कोरकू तरुण बांबूकाम शिकतात. तिथे हे काम जातीने ठरलेलं नाही, पुढे ज्याला हवं तो शिकेल, असंही होऊ शकतं.

ग्रामसभांनी आपल्या बांबूतला थोडा भाग जवळच्या विणणाऱ्यांसाठी हिरवा असतानाच राखून ठेवला, लागवडीच्या योजनांनी इंधनाच्या जातींबरोबर मानवेल, माणगा, चिवा यांनाही जागा दिली, आणि डेपोने "किती बांबू दिले" याबरोबर "तोडल्यापासून किती दिवसांत दिले" हेही लिहून ठेवलं, तरी पुष्कळ फरक पडेल. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

सूप घेताना काय बघायचं?

सूप उजेडाकडे धरा. वीण एकसारखी असेल तर उजेडाचे ठिपकेही एकसारखे दिसतात. काठाची कामटी बोटाने दाबा, ती कुठेही हलता कामा नये, आणि तिच्या बांधणीत सालीची चकचकीत पट्टी आहे का ते बघा. मागच्या कोपऱ्यांत, जिथे पट्ट्या वळतात, तिथे तुटलेले धागे नसावेत. पिठासारखी पिवळी भुकटी गळत असेल तर आत भुंगेरा आहे. बांबूतल्या पिठूळ अंशावर तो जगतो. पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू जास्त टिकतो. घरी आणल्यावर सूप दोन दिवस सावलीत वाळवा. जुन्या घरांत ते चुलीजवळच्या खुंटीला टांगायचे, धुराने कीड लागत नसे. आता चूल नसली तरी कोरड्या, वाऱ्याच्या जागी टांगा, फरशीवर उलटं टाकू नका.

आणि भाव करायच्या आधी विकणाऱ्या बाईंना विचारा की बांबू कुठला, कोणत्या जातीचा, आणि त्यांना तो कितीला पडला. एवढ्या प्रश्नावर त्या बोलायला लागतात, आणि सूप हातात धरून कुठली पट्टी पाठीची, म्हणजे सालीकडची, आणि कुठली पोटाची, म्हणजे आतली, तेही दाखवतात.